मूस, टंच आणि ई-कचरा : सातारा-सांगलीतील एका संभाव्य उद्योगाची मांडणी

विजेवर किंवा बॅटरीवर चालणारी वस्तू मालकाने निकामी ठरवून टाकून दिली, की ती ई-कचऱ्यात जमा होते. मग तो संगणक असो, मोबाइल असो, फ्रिज असो किंवा रुग्णालयातील तपासणी यंत्र. संयुक्त राष्ट्रांशी संलग्न संस्थांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जागतिक अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगभरात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातील अवघ्या २२.३ टक्के कचऱ्याचे संकलन व पुनर्चक्रण रीतसर नोंदीनिशी झाले. पुनर्चक्रण म्हणजे टाकाऊ वस्तूतील धातू, काच आणि प्लॅस्टिक वेगळे करून ते पुन्हा कच्चा माल म्हणून वापरात आणणे. उरलेला कचरा घरांच्या माळ्यांवर पडून राहिला, कचरा डेपोत गेला किंवा भंगाराच्या बाजारातून अशा हातांत पोहोचला, जिथे त्यातील मौल्यवान धातू काढून घेतल्यावर बाकीच्याचे काय झाले याची नोंद कोणी ठेवली नाही.

या कचऱ्यात सोने असते ही गोष्ट आता सर्वश्रुत आहे आणि या धंद्याकडे वळू पाहणाऱ्यांना बहुधा तीच खुणावते. टोकियो ऑलिंपिकच्या पदकांसाठी जपानने जुन्या उपकरणांतून ३२ किलो सोने आणि ३,५०० किलो चांदी मिळवल्याची बातमी जगभर कौतुकाने वाचली गेली. परंतु त्यासाठी तेथील स्थानिक प्रशासनांनी सुमारे ७९ हजार टन लहान उपकरणे गोळा केली होती, हा आकडा शेजारी मांडला की टनामागे सोने अर्ध्या ग्रॅमपेक्षाही कमी भरते. सरमिसळ ई-कचऱ्याचा उद्योग सोन्यावर उभा राहत नाही, हे यावरून दिसून येते. मग तो कशावर उभा राहतो, या प्रश्नाचे उत्तर सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांच्या संदर्भात शोधणे विशेष उद्बोधक आहे, कारण टाकाऊ मालातून सोने-चांदी काढण्याच्या कामावर पिढ्यान्‌पिढ्या गुजराण करणारा मोठा समाज याच मातीतला आहे.

गलाईचा वारसा

सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ आणि त्यांना लागून असलेले सातारा जिल्ह्यातील माण व खटाव हे तालुके कायम अवर्षणाच्या छायेत राहिले. शेतीवर भागेना म्हणून येथील तरुण विसाव्या शतकात घराबाहेर पडले आणि केरळपासून उत्तर प्रदेशापर्यंत देशभरातील सराफ बाजारांत सोने-चांदी गाळण्याच्या, म्हणजेच गलाईच्या, धंद्यात स्थिरावले. विटा हे गाव या व्यवसायाचे माहेरघर मानले जाते. २०२० च्या टाळेबंदीत परराज्यांतील सराफ पेठा बंद पडल्या, तेव्हा यांतील अनेक कुटुंबे गावाकडे परतली आणि हा समाज किती दूरवर पसरलेला आहे, याची जाणीव इतरांनाही नव्याने झाली.

गलाईचे तंत्र नीट समजून घेतल्याखेरीज ई-कचऱ्याशी त्याचे नाते कुठपर्यंत आहे आणि कुठे संपते, हे कळत नाही. जुने दागिने मुशीत, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या मातीच्या किंवा ग्रॅफाइटच्या भांड्यात, वितळवतात आणि त्यात इतकी चांदी मिसळतात की सोन्याचे प्रमाण साधारण चौथ्या हिश्श्यावर यावे. हा रस पाण्यात ओतून त्याचे दाणे पाडतात आणि ते नायट्रिक आम्लात, म्हणजे बोलीतल्या तेजाबात, उकळतात. तेव्हा चांदी व तांबे विरघळून जातात आणि सोने तपकिरी भुकटीच्या रूपाने तळाशी राहते. ही भुकटी धुऊन, सुकवून, टाकणखार घालून पुन्हा वितळवली की शुद्ध सोन्याची लगड मिळते. द्रावणात उतरलेली चांदी तांब्याच्या पट्ट्या सोडून परत मिळवता येते. सराफाच्या दुकानातील केर, भट्टीची राख आणि कारागिरांच्या हात धुण्याचे पाणीसुद्धा वाया जाऊ न देता त्यातील कण काढण्याची रीत फार जुनी असून, हे काम करणाऱ्यांना मराठीत झारेकरी म्हणत.

या धंद्यात आम्ल आणि भट्टीइतकेच महत्त्व टंच काढण्याला असते. टंच म्हणजे धातूतील शुद्धतेचे प्रमाण. सराफाने सोपवलेल्या मालाचे वजन, त्याचा टंच, गाळताना येणारी घट आणि परत केलेल्या लगडीचे वजन या चार आकड्यांचा मेळ बसला नाही, तर गलाई करणाऱ्याची पत जाते आणि परमुलखात गेलेल्या माणसाला पत गेल्यावर दुसरा आधार उरत नाही. ई-कचऱ्याच्या उद्योगाला या वारशातून नेमके काय घ्यायचे, हे ठरवताना ही बाब विसरून चालणार नाही.

आम्लाचा हिशेब

भट्टी आणि तेजाब हाताळण्याची सवय असलेल्या माणसाला सर्किट बोर्ड, म्हणजे यंत्रातील इलेक्ट्रॉनिक भाग ज्यावर जोडलेले असतात ती पट्टी, गाळून पाहावीशी वाटणे स्वाभाविक आहे. संगणकाच्या चांगल्या प्रतीच्या बोर्डात टनामागे २०० ग्रॅम सोने धरले, तर ते सोन्याच्या खाणीतील सामान्य खनिजापेक्षा कितीतरी पटींनी समृद्ध ठरते. परंतु किलोभर बोर्डात हे प्रमाण ०.२ ग्रॅम, म्हणजे वजनाच्या पाच हजाराव्या भागाइतकेच असते. दागिन्यात बहुतांश धातू मौल्यवान असतो आणि भेसळ थोडी असते. बोर्डाची स्थिती नेमकी याच्या उलट आहे.

किलोभर बोर्डात सुमारे २०० ग्रॅम तांबे असते आणि आम्ल सोन्यापर्यंत पोहोचण्याआधी या तांब्यावर खर्ची पडते. रासायनिक समीकरणानुसार एक किलो तांबे तीव्र नायट्रिक आम्लात विरघळवण्यास सुमारे चार किलो शुद्ध आम्ल लागते आणि त्यातून जवळपास दीड किलो नायट्रोजन डायऑक्साइड हा तांबूस, फुप्फुसांना जाळणारा वायू बाहेर पडतो. त्या हिशेबाने ०.२ ग्रॅम सोन्यासाठी पाऊण किलोहून अधिक आम्ल आणि पाव किलोहून अधिक विषारी वायू असा व्यवहार होतो, शिवाय तांबे, शिसे आणि निकेल विरघळलेले पाणी मागे उरते. बोर्डाचा पाया काचतंतू आणि रेझिनचा असून आग रोखण्यासाठी त्यात अनेकदा ब्रोमीनची संयुगे मिसळलेली असतात. बोर्ड उघड्यावर जाळल्यास त्यांतून, आणि वायरींवरील पीव्हीसी जाळल्यास त्यातूनही, डायॉक्सिनसारखी अत्यंत घातक द्रव्ये तयार होतात.

दिल्लीतील सीलमपूर, उत्तर प्रदेशातील मुरादाबाद आणि चीनमधील ग्वीयू या ठिकाणी हेच प्रकार घरोघरी झाले आणि त्यांची किंमत हवा, माती व पाण्याच्या प्रदूषणातून आणि माणसांच्या रक्तात उतरलेल्या शिशातून मोजली गेली. माण, खटाव, खानापूर, आटपाडी यांसारख्या कोरड्या तालुक्यांत हा धोका आणखी गंभीर ठरेल, कारण येथील येरळा किंवा माणगंगेत सांडपाणी वाहून नेण्याइतके पाणी वर्षातील बराच काळ नसते आणि ओढ्यात सोडलेले आम्लयुक्त पाणी मुरून त्याच गावाच्या विहिरीत उतरते. म्हणून या दोन जिल्ह्यांतील उद्योगाने स्वतःला पहिला नियम असा घालून घ्यावा लागेल, की बोर्डावर रासायनिक किंवा भट्टीची प्रक्रिया येथे करायची नाही.

हे काम करणारे मोठे कारखाने जगात मोजके आहेत. बेल्जियममधील होबोकन येथील युमिकोर कंपनीच्या प्रकल्पात बोर्डांसह विविध टाकाऊ मालांतून १७ धातू वेगळे केले जातात आणि निघणाऱ्या वायूंच्या शुद्धीकरणावर तेथे प्रचंड भांडवल गुंतलेले आहे. भारतात २००८ मध्ये स्थापन झालेल्या अटेरोसारख्या कंपन्या या क्षेत्रात उतरल्या असून, हैदराबादच्या सी-मेट या केंद्र सरकारच्या संशोधन संस्थेने बोर्डांतून धातू काढण्याचे देशी तंत्र विकसित केले आहे. जिल्हा पातळीवरील उद्योगाने अशा प्रकल्पांना नीट वर्गवारी केलेला माल पुरवणे हेच पर्यावरणाच्या आणि नफ्याच्याही दृष्टीने शहाणपणाचे आहे.

माल किती आणि कोठे

२०११ च्या जनगणनेनुसार सातारा जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ३० लाख आणि सांगलीची सुमारे २८ लाख होती. उपरोल्लेखित जागतिक अहवालात भारताचा ई-कचरा सुमारे ४१ लाख टन, म्हणजे माणशी जवळपास २.९ किलो धरला आहे. ती सरासरी लावली तर दोन्ही जिल्ह्यांत मिळून वर्षाला सुमारे १७ हजार टन कचरा निघायला हवा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२१-२२ साठी देशाचा ई-कचरा सुमारे १६ लाख टन दाखवला होता आणि त्या सरासरीने हाच आकडा साडेसहा हजार टनांवर येतो. मंडळाचा अंदाज तेव्हाच्या नियमांत समाविष्ट असलेल्या केवळ २१ प्रकारच्या वस्तूंच्या विक्रीवरून बांधलेला होता, तर जागतिक अहवालात वस्तूंची व्याप्ती कितीतरी मोठी आहे, त्यामुळे ही तफावत पडते. उद्योजकाने यातील लहान आकडाच गृहीत धरावा आणि त्यातलाही थोडाच भाग आपल्या दारी येईल असे मानून यंत्रांची खरेदी करावी. कारण क्षमता मोठी आणि माल अपुरा ही या धंद्याच्या अपयशाची नेहमीची वाट आहे.

हा माल तीन ठिकाणी दडलेला असतो. पहिले ठिकाण संस्थांचे. जिल्हा मध्यवर्ती बँका, गावोगावच्या पतसंस्था, सहकारी साखर कारखाने, जिल्हा परिषदांच्या शाळा, साताऱ्यात मुख्यालय असलेल्या रयत शिक्षण संस्थेची विद्यालये व महाविद्यालये, सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय, कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आणि मिरजेतील रुग्णालये यांच्याकडे संगणकांच्या किमान दोन-तीन पिढ्या येऊन गेलेल्या आहेत. अशा कार्यालयांत प्रत्येक वस्तूची नोंद जडसंग्रह नोंदवहीत असते आणि वस्तू बंद पडली तरी निर्लेखनाचा, म्हणजे ती नोंदवहीतून रीतसर वजा करण्याचा, ठराव झाल्याखेरीज ती हलवता येत नाही. त्यासाठी समितीची पाहणी, किंमत ठरवणे, लिलाव अशी पायऱ्यांची प्रक्रिया पार पाडावी लागते आणि तो खटाटोप कोणी अंगावर घेत नाही म्हणून बंद मॉनिटर वर्षानुवर्षे खोलीच्या कोपऱ्यात धूळ खात राहतात. ठरावाचे नमुने, वजनाची पावती आणि विल्हेवाटीचा दाखला तयार ठेवून संस्थेचे हे काम हलके करणारा उद्योजक चार पैसे जास्त देऊ करणाऱ्या भंगारवाल्याच्या पुढे जाऊ शकतो. बँका आणि पतसंस्थांच्या बाबतीत तर हार्डडिस्कमधील खातेदारांची माहिती कायमची नष्ट केल्याचे प्रमाणपत्र ही स्वतंत्र सेवा ठरते. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाल्यापासून तिची गरज वाढली आहे.

दुसरे ठिकाण दुरुस्तीच्या दुकानांचे. मोबाइल, टीव्ही आणि इन्व्हर्टर दुरुस्त करणाऱ्या कारागिरांकडे सुट्या बोर्डांचा आणि बॅटऱ्यांचा साठा साचतो, आणि तो ठरावीक दिवशी ठरलेल्या दराने उचलला गेला तर नियमित पुरवठ्याचा झरा तिथे सापडतो. तिसरे ठिकाण घरांचे, आणि ते सर्वांत अवघड आहे. कारण बंद फोन कपाटात ठेवून देणे ही जवळपास प्रत्येक घरातील रीत आहे आणि थोड्याथोड्या मालासाठी गावोगाव वाहन फिरवणे परवडत नाही. येथे सहकारी दूध संस्थेची पद्धत उपयोगी पडू शकते. गावच्या संकलन केंद्रावर दुधाचे फॅट पाहून दर ठरतो व तिथल्या तिथे पावती मिळते, तसेच ई-कचऱ्याच्या प्रत्येक प्रकाराचा दरफलक लावून वजनाची पावती देणारे केंद्र आठवड्याच्या बाजारगावी एक दिवस चालवता येईल.

याखेरीज कृष्णाकाठाला पुराचाही विचार करावा लागतो. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली आणि शहराच्या मोठ्या भागात घरे-दुकाने पाण्याखाली राहिली. अशा प्रसंगी भिजून निकामी झालेले फ्रिज, टीव्ही आणि धुलाई यंत्रे सर्वसाधारण कचऱ्यात एकत्र टाकली जातात. महापालिकेशी आधीच करार करून पूर ओसरल्यावर स्वतंत्र संकलनाची व्यवस्था लावणे हा या उद्योगाच्या सार्वजनिक जबाबदारीचा भाग ठरतो. आणि अर्थातच उद्योगाचे स्वतःचे गोदाम पाटबंधारे खात्याने आखलेल्या लाल पूररेषेच्या बाहेर असले पाहिजे.

टेबलावरचे काम

जिल्हा पातळीवरील केंद्राचे मुख्य काम सुटे करणे आणि वर्गवारी करणे हे असते. एक जुना संगणक टेबलावर घेतला, तर स्क्रू काढून प्रथम पत्र्याचे झाकण निघते. संगणकाच्या या पत्र्याच्या पेटीचे लोखंडच एकूण वजनाचा सर्वांत मोठा हिस्सा भरते. मग वायरींची जुडी, वीजपुरवठ्याचा डबा, पंखा, ॲल्युमिनियमचा उष्णताशोषक, हार्डडिस्क आणि शेवटी मदरबोर्ड सुटतो. मदरबोर्डावरील नाण्याएवढी लिथियम बॅटरी आधी काढावी लागते, कारण ती पुढील तुकडे करण्याच्या यंत्रात गेली तर आग लागू शकते. प्रोसेसर आणि सोनेरी कडा असलेल्या रॅमच्या पट्ट्या वेगळ्या ठेवतात, हिरवा मदरबोर्ड दुसऱ्या पेटीत जातो, तर वीजपुरवठ्याच्या डब्यातील व जुन्या टीव्हीतील तपकिरी बोर्ड, ज्यांत सोने नाममात्र असते, तिसऱ्या पेटीत पडतो. हे तीन प्रकार एकत्र विकले, तर सर्वांना खालच्या प्रतीचा भाव मिळतो. वेगळे ठेवले तर प्रत्येकाला त्याच्या योग्यतेचा दर येतो. या कामाला महागडी यंत्रे लागत नाहीत, लागतात ती प्रशिक्षित डोळ्यांची आणि शिस्तीच्या हातांची माणसे.

काही वस्तूंमध्ये नफा नाही, उलट खर्च आहे. जुन्या टीव्हीच्या पिक्चर ट्यूबच्या मागील नरसाळ्याच्या आकाराच्या काचेत वजनाच्या साधारण पाचव्या हिश्श्याइतके शिशाचे ऑक्साइड असते आणि त्या काचेला आता फारसे गिऱ्हाईक नाही. फ्रिजमधील शीतकारक वायू हवेत सोडला तर तापमानवाढीला मोठा हातभार लागतो. बऱ्याच फ्रिजांत वापरला गेलेला आर-१३४ए हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे तेराशे पट उष्णता अडवतो, म्हणून तो यंत्राने ओढून सिलिंडरमध्ये भरावा लागतो. जुन्या एलसीडी पडद्यांमागील नळ्यांत पारा असतो. मलई तेवढी काढून घ्यायची आणि काच, वायू, पारा यांच्याकडे डोळेझाक करायची, असे झाले तर त्या उद्योगाला टिकाऊ म्हणता येणार नाही. ज्याचा पुनर्वापर होत नाही असा घातक भाग रांजणगाव येथील सामाईक सुविधेसारख्या अधिकृत ठिकाणी पाठवावा लागतो आणि त्याचे शुल्क सुरुवातीपासून खर्चात धरावे लागते.

कायद्याची चौकट

ई-कचऱ्यासाठी भारतात पहिले स्वतंत्र नियम २०११ मध्ये झाले व मे २०१२ पासून लागू झाले. २०१६ मध्ये ते बदलले आणि आज २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून अमलात आहेत. त्यांच्या कक्षेत सात गटांतील १०६ प्रकारच्या वस्तू येतात, ज्यांत वैद्यकीय उपकरणे, खेळणी आणि सौर पॅनेलही आहेत. या नियमांचा कणा म्हणजे विस्तारित उत्पादक दायित्व, ज्याला व्यवहारात ईपीआर म्हणतात. वस्तू विकून उत्पादकाची जबाबदारी संपत नाही, तर तिचे आयुष्य सरल्यावर ठरावीक प्रमाणात तिचे पुनर्चक्रण करवून घेणे हेही त्याचेच काम आहे, असे हे तत्त्व सांगते. हे प्रमाण २०२३-२४ व २०२४-२५ साठी ६० टक्के, पुढील दोन वर्षांसाठी ७० टक्के आणि २०२७-२८ पासून ८० टक्के आहे. उत्पादक हे दायित्व स्वतः पार पाडत नाही. तो नोंदणीकृत पुनर्चक्रण उद्योगाकडून प्रमाणपत्रे विकत घेतो आणि ही प्रमाणपत्रे सोने, तांबे, ॲल्युमिनियम व लोखंड यांच्या प्रत्यक्ष मिळालेल्या वजनावर आधारलेली असतात.

या चौकटीत नव्या उद्योजकासाठी महत्त्वाचा मुद्दा असा, की नोंदणी निर्माता, उत्पादक, नूतनीकरण करणारा आणि पुनर्चक्रण करणारा या चारच वर्गांत होते; नुसते सुटे करणाऱ्यासाठी वेगळा वर्ग ठेवलेला नाही. त्यामुळे सातारा-सांगलीतील उद्योगापुढे दोन मार्ग उरतात. एक म्हणजे दुरुस्ती करून वस्तूचे आयुष्य वाढवणारा नूतनीकरण उद्योग म्हणून नोंदणी करणे. दुसरा म्हणजे लोखंड, तांबे, ॲल्युमिनियम आणि प्लॅस्टिक वेगळे करण्याची पुरेशी यंत्रणा उभारून पुनर्चक्रण उद्योग म्हणून नोंदणी करणे आणि आपल्याकडे ज्यावर प्रक्रिया होत नाही ते बोर्ड दुसऱ्या नोंदणीकृत उद्योगाकडे सोपवणे. नियमांना हे मान्य आहे. त्याआधी जल कायदा १९७४ आणि वायू कायदा १९८१ यांखाली महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची स्थापनेची व चालवण्याची संमती लागते. माल साधारणपणे १८० दिवसांपेक्षा जास्त साठवता येत नाही, त्यामुळे भाव वाढण्याची वाट पाहत ढीग रचून ठेवण्याची भंगार बाजारातील सवय येथे सोडावी लागते. बॅटऱ्यांसाठी २०२२ चेच वेगळे नियम असल्याने त्यांची नोंद व वाट वेगळी ठेवणे आवश्यक आहे.

नियमांतील दोन तरतुदी जिल्ह्यांच्या फायद्याच्या आहेत. वर्षात किमान हजार उपकरणे वापरणाऱ्या संस्थेने आपला ई-कचरा नोंदणीकृत घटकाकडेच दिला पाहिजे, हे बंधन बँका, साखर कारखाने आणि मोठ्या शिक्षण संस्थांपुढे मांडता येते. तसेच राज्य शासनाने औद्योगिक क्षेत्रांत या उद्योगासाठी जागा राखावी आणि कामगारांची नोंदणी व कौशल्य प्रशिक्षण यांची व्यवस्था करावी, असेही नियम सांगतात. मिरज, कुपवाड, सातारा आणि कराडजवळील तासवडे येथील औद्योगिक वसाहतींत अशी मागणी रीतसर करता येईल. कराड हे दोन्ही जिल्ह्यांना सोयीचे आणि पुणे-बंगळूरू महामार्गावरचे असल्याने मुख्य केंद्रासाठी त्याचा विचार प्रथम व्हायला हवा.

पैशाचे गणित

अशा उद्योगाला उत्पन्न चार वाटांनी मिळते : दुरुस्त केलेल्या वस्तूंची विक्री, सुट्या धातूंची विक्री, प्रमाणपत्रांची विक्री आणि संस्थांना दिलेल्या सेवेचे शुल्क. यांत किलोमागे सर्वाधिक मोल दुरुस्तीला आहे. चालू स्थितीत आणलेला संगणक शाळेला किंवा लहान दुकानदाराला विकला, तर त्याच्या धातूंच्या किमतीच्या कितीतरी पट रक्कम मिळते आणि तो पुढे जितकी वर्षे चालतो तितक्या वर्षांनी त्याचा कचरा होणे लांबते. लोखंड आणि ॲल्युमिनियम यांना तर दारातच बाजार आहे, कारण १९१० मध्ये वसलेल्या किर्लोस्करवाडीपासून साताऱ्यातील कूपरच्या कारखान्यापर्यंत या पट्ट्यात ओतकामाची जुनी परंपरा आहे आणि ओतशाळांना स्वच्छ, एकजिनसी भंगार सतत लागते.

प्रमाणपत्रांचे उत्पन्न आकर्षक असले तरी त्यावर विसंबून राहणे धोक्याचे आहे. सरकारने २०२४ मध्ये ग्राहकोपयोगी इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी किलोमागे किमान २२ रुपये दर ठरवला, तेव्हा अनेक मोठ्या उत्पादक कंपन्यांनी त्याला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले. धोरणाचा किंवा न्यायालयाचा एक निर्णय ज्याचा नफा पुसून टाकू शकतो, असा उद्योग कर्जफेडीचे हप्ते कशाच्या भरवशावर भरणार, असा प्रश्न बँकेनेही विचारायला हवा. प्रमाणपत्रांशिवाय निदान रोजचा खर्च निघतो अशी मांडणी असेल, तरच ती सुरक्षित मानावी.

खेळत्या भांडवलाचा प्रश्नही येथे मोठा असतो. भंगारवाल्याला पैसे रोख आणि त्याच दिवशी द्यावे लागतात, तर बोर्ड घेणारा मोठा कारखाना मालाचा नमुना घेऊन, त्यातील धातूंचे प्रमाण तपासून, मग रक्कम चुकती करतो. नमुना कसा काढला आणि तपासणीत किती प्रमाण आले, यावर साऱ्या व्यवहाराचा नफा अवलंबून असतो. गलाईच्या वारशाचे खरे मोल येथे दिसून येते. ढिगातून प्रातिनिधिक नमुना काढणे, त्याचा टंच पडताळून पाहणे, घट किती योग्य आणि किती संशयास्पद हे ओळखणे आणि समोरच्याच्या आकड्याला आपल्या आकड्याने उत्तर देणे हे ज्ञान या भागातील अनेक कुटुंबांत आधीपासून आहे. आधुनिक केंद्रात कसोटीच्या दगडाची जागा क्ष-किरणांच्या साहाय्याने धातू ओळखणारे यंत्र घेईल, परंतु आकड्यावर शंका घेण्याची वृत्ती यंत्रासोबत विकत मिळत नाही.

माणसे

आज ई-कचरा गोळा करण्याचे बहुतेक काम हातगाडीवर फिरणारे भंगारवाले आणि कचरा वेचणाऱ्या स्त्रिया करतात. त्यांना बाजूला सारून नवा उद्योग उभा केला, तर त्यांची उपजीविका बुडते, आणि उद्योगालाही माल मिळत नाही. पुण्यात १९९३ मध्ये स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीने आणि पुढे तिच्यातून उभ्या राहिलेल्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने कचरावेचकांना ओळखपत्र, करार आणि नियमित उत्पन्न मिळवून देता येते हे दाखवले आहे. सातारा-सांगलीत भंगारवाल्यांशी असाच करार करताना एकच अट कसोशीने पाळायला हवी, ती म्हणजे वस्तू न फोडता, वायर न जाळता सबंध आणून द्यायची. आणि ही अट पाळली जावी म्हणून सबंध वस्तूचा दर सुट्या तांब्याच्या दरापेक्षा भंगारवाल्याला फायदेशीर पडेल असाच ठेवायला हवा. नुसत्या प्रबोधनाने वायरी जाळणे थांबत नाही, दर बदलला की थांबते.

केंद्रातील कामगारांसाठी हवा ओढून घेणारी टेबले, हातमोजे, मुखपट्ट्या आणि रक्तातील शिशाची नियमित तपासणी हा खर्च टाळता येण्याजोगा नाही. कामाचे कपडे केंद्रातच धुतले जावेत, कारण शिशाची धूळ कपड्यांवरून घरी जाते आणि लहान मुलांच्या मेंदूला ती सर्वाधिक अपाय करते.

टिकाऊपणाची कसोटी

प्लॅस्टिक कचऱ्याच्या क्षेत्रात २०२३ मध्ये सुमारे सहा लाख बनावट प्रमाणपत्रे उघडकीस आली आणि कागदावरच्या पुनर्चक्रणाने संपूर्ण व्यवस्थेवरील विश्वास कसा डळमळतो हे दिसले. ई-कचऱ्यात तसे घडू नये यासाठी आत आलेले वजन हे बाहेर गेलेल्या व शिल्लक असलेल्या वजनाइतकेच असले पाहिजे, हा साधा नियम महिन्याच्या महिन्याला पडताळून, शक्य तर जाहीर करून, पाळणे पुरेसे प्रभावी ठरू शकते. किती लोखंड कोणत्या ओतशाळेत गेले, किती बोर्ड कोणत्या कारखान्यात गेले, किती शिसेयुक्त काच रांजणगावला गेली, हे तीन आकडे जो उद्योग दाखवू शकत नाही, त्याच्या प्रमाणपत्रांना उत्पादकाने आणि त्याच्या पावत्यांना बँकेने किंमत देऊ नये.

यावरून सातारा-सांगलीतील उद्योगाचा क्रमही ठरतो. आधी संस्थांकडील मालाचे करार आणि दुरुस्ती, मग वर्गवारीचे केंद्र आणि बाजारगावची संकलन व्यवस्था, त्यानंतर धातू वेगळे करण्याची यंत्रे. रासायनिक प्रक्रियेचा विचार झालाच तर सर्वांत शेवटी, अनेक जिल्ह्यांनी मिळून उभारलेल्या आणि सांडपाण्याचा थेंबही बाहेर न सोडणाऱ्या प्रकल्पापुरता. गलाईचा धंदा परमुलखात टिकला, कारण दुसऱ्याच्या सोन्याचा हिशेब गलाई बांधवांनी चोख दिला. ई-कचऱ्यात सोन्याबरोबर शिसे, पारा आणि आम्ल यांचाही हिशेब द्यावा लागतो, आणि तो सराफाला नव्हे, तर शेजारच्या विहिरीचे पाणी पिणाऱ्या गावाला द्यावा लागतो. हा दुसरा हिशेब पहिल्याइतकाच काटेकोर ठेवण्याची ज्याची तयारी आहे, त्यानेच या धंद्यात भांडवल घालावे.